थिबाचा राजवाडा की थिबाची कोठडी?

रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा आहे, असे आपण सारे म्हणतो. शाळेच्या सहलीच्या पत्रकात तसेच छापतात, नकाशात तसेच दाखवतात. मला या शब्दांतल्या शेवटच्या शब्दाशी भांडायचे आहे. थिबा नावाचा माणूस होता हे खरे. तो राजा होता हेही एके काळी खरे होते. परंतु १९१० साली ही वास्तू बांधून पुरी झाली तेव्हा त्याचे राज्य जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती. घर बांधले इंग्रज सरकारने, देखरेखीला पोलीस अधिकारी नेमला सरकारने, आणि आत राहणाऱ्याने बाहेर कुठवर पाऊल टाकायचे हेही ठरवले सरकारनेच. अशा घराला मराठीत काय म्हणतात ते तिसरीतले पोरही सांगेल. आपण मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ त्याला राजवाडा म्हणून मोकळे झालो आहो.

वाचकहो, सणाचे दिवस आहेत, ताटात चकली-कडबोळी आहेत, पोरे फटाके वाळवीत बसली आहेत. अशा वेळी कोठडीची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. पण याच सुट्टीत निम्मा देश घाट उतरून कोकणात येतो. गणपतीपुळ्याचे दर्शन, पावसला एक फेरी, भाट्याच्या किनाऱ्यावर घटकाभर वाळू तुडवणे, आणि जमले तर जाता जाता 'थिबा पॅलेस' उरकून घेणे, असा ठरलेला कार्यक्रम असतो. 'उरकून घेणे' हाच शब्द मी कित्येकांच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून हे भांडण याच अंकात व्हायला हवे.

मी घाटमाथ्यावरच्या शाळेतला मास्तर. आंबा घाट उतरून सातवीच्या वर्गाला रत्नागिरीला नेण्याची कामगिरी दरसाल माझ्याकडे येते. इमारत देखणी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लालसर भिंती, उतरती छपरे, खिडक्यांच्या कमानी, ब्रह्मी धाटणीचे लाकडी कोरीवकाम. मागच्या अंगाला गेले की खाली भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. नवी जोडपी फोटो काढीत असतात. अशा ठिकाणी एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ह्यो राजा हितं राज्य कुणावर करायचा?" पोरे हसली. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या इमारतीत शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याप्रथम पडायला हवा असा तो प्रश्न आहे, आणि आपण मोठी माणसे तो विचारीत नाही, कारण उत्तर अडचणीचे आहे. राज्य कुणावरच नाही. आपली बायको, आपल्या चार मुली आणि पगारी नोकरचाकर यांच्यावर चालेल तेवढेच.

आता हा माणूस इथे आला कसा? सांगायला बसले की लोक चटकन एक वाक्य फेकतात : थिबा क्रूर होता, त्याने आपल्या भाऊबंदांची कत्तल केली, म्हणून इंग्रजांनी त्याला काढले. यातला पहिला भाग मी झाकून ठेवणार नाही. १८७८ च्या ऑक्टोबरात त्याचा बाप मिंदॉन राजा वारला. डझनावारी राजपुत्रांतून एकोणीस वर्षांचा हा थिबा गादीवर बसवला गेला. बसवणाऱ्यांत त्याची सासू आणि दरबारी मंत्री यांचा हात मोठा. १८७९ च्या फेब्रुवारीत मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातली ऐंशीच्या घरातली माणसे मारली गेली. त्यांत बायका होत्या, पोरे होती. ज्यांना शनिवारवाड्यातल्या एका नारायणरावाच्या खुनाने अडीचशे वर्षांनंतरही काटा येतो, त्यांनी ऐंशी नारायणराव डोळ्यांपुढे आणावेत. थिबाने हुकूम स्वतः दिला की त्याच्या नावाने दुसऱ्यांनी दिला यावर वाद घालणारे घालोत. गादी त्याची होती आणि त्या रक्ताने तीच बळकट झाली. रत्नागिरीच्या कैद्याबद्दल कणव वाटून जे त्याला साधुसंत करू पाहतात त्यांच्याशीही माझे भांडण आहे.

पण मग 'म्हणून' या शब्दाकडे बघा. कत्तल १८७९ सालची. इंग्रजांचा वकील तेव्हा मंडालेतच होता. निषेधाची पत्रे गेली, पुढे वकिलातही उठली, आणि सहा वर्षे पलटणी जागच्या जागी राहिल्या. ऐंशी प्रेतांनी जे झाले नाही ते १८८५ मध्ये लाकडाच्या ओंडक्यांनी झाले. ब्रह्मदेशच्या जंगलातला साग तोडण्याचा मक्ता एका कंपनीकडे होता. तोडलेल्या ओंडक्यांची मोजणी कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला तेवीस लाख रुपयांचा दंड केला. दंड न्याय्य होता की अवाच्या सवा, यावर दोन मते असू शकतील. परंतु दंड झाल्यावर जे घडले त्यावर दोन मते नाहीत. फ्रेंचांशी थिबाची सलगी वाढते आहे ही इंग्रजांची जुनी पोटदुखी होतीच. तिला निमित्त मिळाले. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला फौजा इरावती नदीतून वर सरकल्या, आणि २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. पंधरा दिवसांचे युद्ध. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला बैलांच्या गाडीतून घाटावर नेऊन आगबोटीत चढवले. १ जानेवारी १८८६ रोजी ते सबंध राज्य इंग्रजी मुलखाला जोडल्याचे जाहीर झाले. राजा क्रूर आहे हा शोध तेव्हा नव्याने लागला आणि विलायतेच्या वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचला. शेजाऱ्याच्या घरात खून पडला तेव्हा कडी लावून बसणारा, आणि शेजाऱ्याने उधारी मागितली तेव्हा खुनाची फिर्याद घेऊन त्याच्या घरात घुसणारा मनुष्य आपल्या गावात असता, तर आपण त्याला न्यायाधीश म्हटले असते काय?

आणि त्या कंपनीचे नाव काय, तर बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली आमच्या मुंबईत स्थापन झालेली. भांडवलाची सूत्रे गोऱ्यांच्या हाती होती हे खरे. पण पाटी मुंबईची होती. फौजेत निशाण गोऱ्यांचे होते, पण त्या निशाणामागून चालणाऱ्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. तेव्हा, "हे सारे इंग्रजांनी केले, आपला काय संबंध," असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी जरा थांबावे. त्याच १८८५ च्या डिसेंबरात, मंडाले पडल्याला महिना होतो न होतो तोच, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. तिथे ब्रह्मदेश गिळण्याविरुद्ध ठराव झाला. फिरोजशहा मेहता यांनी तो मांडला. आपल्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट, आणि तरी तो ठराव पुरा वाचला की अभिमान थोडा आखडतो. खालसा करूच नये. पण दुर्दैवाने केलाच तर तो देश हिंदुस्थानच्या कारभाराला न जोडता वेगळा ठेवावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे शेजाऱ्याचे घर लुटू नका, आणि लुटलेत तर निदान त्याचा हिशेब आमच्या वहीत लिहू नका! परक्याच्या राज्यावरच्या दरोड्याला आपल्या पुढाऱ्यांनी जाहीरपणे नाव ठेवले, एवढे श्रेय मी त्यांना देतो. त्याहून जास्त देववत नाही.

रत्नागिरीच का, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे : इथून पळता येत नव्हते. रेल्वे नाही, पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने तोही बंद. थिबाला आधी मद्रासेला ठेवले, आणि १८८६ च्या एप्रिलात इथे आणले. पुढे विनायकराव सावरकरांना १९२४ ते १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध करताना सरकारने हाच हिशेब केला असला पाहिजे. कोकणी माणूस रेल्वे नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या कपाळाला हात लावीत होता; सरकारला मात्र ती अडचण सोयीची वाटत होती.

आता माझ्या मनातली खरी सल सांगतो. मंडाले हे नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला विचारा. लोकमान्य टिळकांचे नाव तो ताबडतोब घेईल. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन लोकमान्यांना मंडालेच्या तुरुंगात नेले, १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, १९१४ मध्ये ते सुटले. हे आम्ही शिकवतो, पाठ करून घेतो, गॅदरिंगला त्यावर प्रवेश बसवतो. लोकमान्य जन्मले ते रत्नागिरीत. म्हणजे ज्या सरकारने रत्नागिरीचा माणूस मंडालेत नेऊन कोंडला, त्याच सरकारने मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणून कोंडला होता. ज्या हिवाळ्यात इकडचा कैदी तिकडे लाकडी खोलीत बसून गीतेचा अर्थ लावीत होता, त्याच हिवाळ्याच्या तोंडाला तिकडचा कैदी इकडे या नव्या इमारतीत राहायला आला. सहलीत आम्ही टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर दाखवतो, तिथे मुले चपला काढून उभी राहतात, आणि अर्ध्या तासाने त्याच मुलांना या इमारतीच्या आवारात सोडून देऊन सांगतो, "खेळा, पण लांब जाऊ नका." एकाच जुलमाची दोन टोके, आणि एकाला स्मारक म्हणायचे, दुसऱ्याला पिकनिक स्पॉट!

यावर शिक्षकांच्या खोलीत मला एक उत्तर मिळाले. "अहो, टिळक देशासाठी तुरुंगात गेले. थिबा कुणासाठी गेला? शिवाय तो ऐषारामात होता. नोकरचाकर होते, पेन्शन होते. त्याला कैदी म्हणणे हा खऱ्या कैद्यांचा अपमान आहे." बोलणारे गृहस्थ ज्येष्ठ, बी. ए., बी. टी.; आणि मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. तेव्हा खोलीत मी गप्प राहिलो. इथे नाही राहणार. दोघांना एका पाटावर बसवा असे मी म्हटलेलेच नाही. लोकमान्य स्वतःच्या शब्दांसाठी तुरुंगात गेले, थिबा स्वतःच्या गादीपायी गेला. पण लोकमान्यांवर निदान खटला झाला, कलम लागले, ज्यूरी बसली, शिक्षेची मुदत ठरली. सहा वर्षांनी दार उघडले. थिबावर कुठल्या न्यायासनापुढे खटला चालला? त्या १८७९ च्या कत्तलीबद्दल त्याला कुणी, कधी, कुठे जाब विचारला? कुणीच नाही. मुदतही कुणी सांगितली नाही. सव्विसाव्या वर्षी त्याला गाडीत बसवला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये सत्तावन्न वर्षांचा होऊन तो इथेच मेला. यांतली चोवीस वर्षे तो आउटराम हॉल नावाच्या बंगल्यात होता. ज्याला आपण त्याचा राजवाडा म्हणतो तिथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला. पेन्शन किती द्यायचे ते सरकार ठरवी. बरोबर आणलेली माणके एकेक करून सावकाराकडे गेली. मंडाले पडले त्या गडबडीत राजघराण्याचे एक मोठे माणिक नाहीसे झाले. ते स्लेडन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती दिले होते, परत मिळाले नाही, अशी तक्रार थिबा अखेरपर्यंत वरच्यांकडे लिहीत राहिला. याला ऐषाराम म्हणायचे असेल तर म्हणा. शब्द स्वस्त आहेत.

आणि त्या चार मुलींनी काय केले होते? धाकट्या दोघी तर राज्य गेल्यानंतर जन्मलेल्या. तिसरी मद्रासेला, चौथी रत्नागिरीतच. बापाच्या कत्तलीचा डाग त्यांच्या लुगड्याला कसा लागला? त्यांची लग्ने कुणाशी व्हावीत हाही सरकारी पत्रव्यवहाराचा विषय होऊन बसला, आणि वये वाढत गेली. त्यांतली थोरली राजकन्या, जिच्या जन्माच्या वेळी मंडालेत उत्सव झाला असेल ती, दरवाज्यावरच्या एका मराठी नोकरावर जीव लावून बसली. त्या माणसाला घरी बायको होती. १९०६ च्या सुमारास तिला मुलगी झाली. थिबाच्या मरणानंतर, १९१९ साली, सरकारने राणीला आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिले, तेव्हा ही थोरली गेली आणि वर्षभरातच मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. १९४७ साली ती इथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे मिंदॉन राजाची पणती, रत्नागिरीत मराठी बोलत, शेण्या थापून आणि कागदाची फुले करून संसार रेटत म्हातारी झाली आणि २००० साली गेली. मी कादंबरीकार आहे. असला शेवट मी लिहिला असता तर संपादकांनी 'अतिरंजित' म्हणून परत पाठवला असता.

मला राग येतो तो इथे. इतकी वर्षे ती बाई या गावात होती. तिच्या आजोबांचे नाव लागलेल्या इमारतीत लोक फोटो काढीत होते आणि तिचे शेणाचे हात कुणाच्या फोटोत आले नाहीत. सणावाराला आपण राजेराजवाड्यांच्या गोष्टी सांगतो, आपल्याला राजे हवे असतात. राजाची गरीब नात मात्र आपल्याला कळत नाही, तिचे काय करायचे ते सुचत नाही. रत्नागिरीकरांनी तिला काहीच दिले नाही असे मी म्हणत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिला आपल्यांतली मानले, ती मराठी झाली, हे थोडे नव्हे. पण शेजार देतो ते शेजार देतो. शासनाने, शाळेने, इतिहासाच्या पुस्तकाने काय दिले?

मेल्यावरही सुटका नव्हती. नवऱ्याचे प्रेत ब्रह्मदेशात नेऊ द्या, असा हट्ट सुपयालत राणीने धरला. राजाचे प्रेत परत गेले तर लोक उठतील ही सरकारची धास्ती. परवानगी मिळाली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ प्रेत ताटकळले आणि अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीच्याच मातीत बंद झाले. राणी १९२५ साली रंगूनला वारली. तिलाही मंडालेची माती मिळाली नाही. दिल्लीच्या बहादूरशहाला इंग्रजांनी १८५८ साली रंगूनला नेले, तो १८६२ मध्ये तिथे मेला आणि त्याची कबर सपाट करून टाकली, हे आपण हळहळून सांगतो. आपले पंतप्रधान रंगूनला गेले की त्या कबरीवर फुले वाहतात. २०१२ मध्ये वाहिली, २०१७ मध्येही वाहिली. योग्यच झाले. २०१२ च्याच डिसेंबरात ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे नम्र झाले. त्यांना तिचा रस्ता आपल्या सरकारने दाखवला असेल. आपल्या मुलांना तो कोण दाखवतो?

राजे उचलून लांब नेऊन ठेवण्याचा हा धंदा आपल्याला नवा नाही. दुसरा बाजीराव बिठूरला गेला, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज काशीला जाऊन १८४७ मध्ये तिथेच वारले, बडोद्याचे मल्हारराव गायकवाड मद्रासेला. यांतले काही नालायक होते, काही नव्हते. सरकारला त्या फरकाशी कर्तव्य नव्हते. म्हणून तर मराठी माणसाला थिबा कळायला जड जाऊ नये. प्रतापसिंहांसाठी आपला जीव तुटतो, तर थिबासाठी निदान शब्द तरी खरा वापरावा.

माझे मागणे मोठे नाही. इमारत पाडा, नाव पुसा, फोटो काढू नका, असले काही मी म्हणत नाही. दारात एक ठळक मराठी फलक लावावा. त्यावर १८७९ ची कत्तल लिहावी, तेवीस लाखांचा दंड लिहावा, मुंबईच्या कंपनीचे नाव लिहावे, टिळकांचे साल थिबाच्या सालाशेजारी लिहावे, आणि शेवटी त्या नातीबद्दल दोन ओळी. सातवीच्या पोराला उभ्या उभ्या वाचता येईल एवढाच मजकूर. असा फलक लावला तर पर्यटक कमी होतील, अशी शंका एका गृहस्थाने मजकडे बोलून दाखवली. अंदमानचा तुरुंग बघायला माणसे विमानाचे तिकीट काढून जातात, हे त्यांच्या कानावर आले नसावे.

फलक लागेल तेव्हा लागेल. या सुट्टीत जे जाणार आहेत त्यांनी एक करावे. इमारत बघून झाली की शिवाजीनगरात थिबाच्या समाधीकडेही जावे. साधी दगडी समाधी आहे, शेजारी त्याच्याच घरातली दुसरी माणसे आहेत, बघायला दहा मिनिटे पुरतात. रिक्षावाल्याला पत्ता मात्र नीट सांगा. 'पॅलेस' म्हटले की तो लगेच मीटर टाकतो. 'समाधी' म्हटले तर, माझा अनुभव असा, दोनदा विचारतो.